कवळ्या करणाऱ्याची तालीम

माझा भाऊ दात बनवतो आणि स्वतः तोंड उघडत नाही. यातला विनोद मला कळतो. वीस वर्षं येणारा-जाणारा मला तो ऐकवतोय, तेव्हा तुम्ही त्रास घेऊ नका.

चांगला त्रेचाळीस वर्षांचा घोडा आहे. आमच्या घराच्या मागच्या खोलीत त्याचं टेबल. टेबलावर छोटा बर्नर, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, प्लास्टरचे साचे, घासायची मोटर, आणि सगळ्यावर पांढरी धूळ. दातांची डॉक्टरीण पेशंटच्या हिरड्यांचा ठसा घेते आणि डब्यात घालून पाठवते. हा त्यावरून कवळी करतो, डबा परत जातो. आता डबा घ्यायचा म्हणजे दार उघडणं आलं, दवाखान्याच्या माणसाचं तोंड बघणं आलं. म्हणून या शहाण्याने दाराबाहेर हूक ठोकला. माणूस डबा अडकवतो, बेल वाजवतो आणि जातो. हा आत श्वास रोखून उभा. पावलं जिना उतरून गेली की दार वीतभर उघडतं, एक पांढरा हात बाहेर येतो आणि डबा आत ओढला जातो. समोरच्या म्हातारीने एकदा तो हात पाहिला आणि ती किंचाळत सुटली. तिची समजूत घालायला अर्थातच मी गेले.

फोनवर नुसतं "हॅलो" म्हणायचं म्हटलं तरी याच्या पोटात गोळा येतो, तळहात भिजतात, जीभ टाळूला चिकटते. मनाच्या डॉक्टरांकडेही नेलं होतं मी त्याला. त्यांनी नाव सांगितलं, सोशल अँग्झायटी. मी म्हटलं, आमच्या लहानपणी याला बुजरेपणा म्हणत आणि तो एका थोबाडीत जात असे. डॉक्टर म्हणाले, "मग गेला का?" आगाऊ माणूस. परत काही आम्ही त्याची पायरी चढलो नाही.

तेव्हा बोलायचं खातं माझ्याकडे. डॉक्टरणीकडे नंबर माझा, बँकेत नंबर माझा, गॅसवाल्याकडे माझा. याचे शर्ट मी आणते, घट्ट झाले तर मीच परत करते. न्हाव्याला "मागून बारीक" हेसुद्धा मी दारात उभी राहून सांगितलेलं आहे. याच्यापायी माझं लग्न राहिलं. ते असो, ते मी कोणाला बोलून दाखवत नाही, त्याला सोडून.

मला स्वतःला बोलायची कसली आली आहे भीती! पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार खिडकीवर मी सव्वीस वर्षं बसतेय. नळाला पाणी नाही म्हणून तणतणत आलेला माणूस माझ्या खिडकीवरून परत जाताना चपलेचा आवाज न करता जातो. तो तोंड उघडायच्या आत मला कळतं त्याला काय म्हणायचंय. "तिसरा मजला? मग टाकीचा व्हॉल्व बघा. पुढचा." त्याला म्हणायचं असतं काही वेगळंच, पण तेवढा वेळ कोणाला आहे?

तर चार-पाच महिन्यांपूर्वी माझ्या लक्षात आलं की रविवारी चार वाजले की हा मोटर बंद करतो, दार लोटून घेतो आणि तासभर लॅपटॉपवर टकटक करत बसतो. मध्येच हसतो. एकटा माणूस बंद खोलीत हसायला लागला की घरच्यांनी काय समजायचं? एका सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा मी जाऊन बघितलं. हो, बघितलं. माझ्या घरात मी कुठेही जाईन.

"हळूहळू" नावाचा ग्रुप होता. लोकांशी बोलायची ज्यांना भीती वाटते अशा लोकांचा. म्हणजे काय बघा, ज्यांना माणसं नकोत ते सगळे मिळून माणसं गोळा करून बसलेले! तोंडाने बोलायचं नाही, कॅमेरा नाही, नुसतं टाइप करायचं. खरी नावंही नाहीत. एक गोगलगाय, एक मागचा बाक, एक रिकामी खुर्ची. माझा भाऊ प्लास्टर. मी कपाळावर हात मारला.

आत शिरायला तीन प्रश्नांचा फॉर्म होता. "कोणाशी बोलताना सर्वांत जास्त भीती वाटते?" मी खरं ते लिहिलं, कोणाशीच नाही. मग खोडलं, कारण अशाने त्यांनी मला दारात उभं केलं नसतं. "दुकानदार" असं लिहिलं आणि नाव घेतलं कोपरा. दुसऱ्या दिवशी मला प्रवेश मिळाला आणि सत्तावीस जणांनी माझं स्वागत केलं. "लगेच बोलायची सक्ती नाही, नुसतं वाचत बसलीस तरी चालेल." मला! मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून पोट धरून हसले.

मी नजर ठेवायला गेले होते. हे लोक याच्याकडून काही उकळतात का, याच्या डोक्यात काही भलतंसलतं भरवतात का, हे बघणं माझं काम होतं. दर रविवारी तो मागच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात, मध्ये एक भिंत. तीन महिने मी अक्षर टाइप केलं नाही. नुसती वाचत राहिले आणि मनातल्या मनात एकेकाची सालटी काढत राहिले.

त्यांच्यात तालीम म्हणून एक प्रकार होता. ज्याला ज्या माणसाशी बोलायची भीती, त्याने आधी त्या माणसाची ओळख लिहायची, तो कसा बोलतो, कुठे अडवतो, कशाने चिडतो. मग दुसऱ्या कोणीतरी तो माणूस व्हायचं आणि दोघांनी सगळ्यांसमोर टाइप करत ते बोलणं करून बघायचं. असह्य झालं तर "थांबा" एवढं लिहायचं. थांबा म्हटलं की सगळे थांबणार, कोणी कारण विचारणार नाही. लहान मुलं भातुकली खेळतात ना, तसलाच प्रकार. मागचा बाक नावाच्या बाप्याला दुकानात जाऊन आखूड पँट बदलून घ्यायची होती. त्यासाठी तीन रविवार तालीम झाली! एकदा दुकानदार चांगला, एकदा खडूस, एकदा "बिल कुठेय" म्हणणारा. चौथ्या रविवारी त्याने लिहिलं, बदलून आणली. त्यावर अभिनंदनाचा नुसता पाऊस. माणूस चंद्रावर जाऊन आला असता तरी एवढं कौतुक झालं नसतं. मी अशा पँटी दिवसाला चार बदलून आणीन.

गोगलगायीला बँकेत फोन करायचा होता. ती दर वेळी नंबर फिरवायची आणि ठेवून द्यायची. एका बुधवारी खिडकीवर एक माणूस गळक्या पाइपाचं रडगाणं गात असताना माझ्या डोक्यात आलं, हिने केला का फोन? स्वतःचाच राग आला मला. त्या माणसाला जरा जास्तच बोलले.

एक रविवार असा आला की प्लास्टरने लिहिलं, "आज दार उघडून डबा हातात घेतला. थँक्यू म्हणालो. तो पण दचकला." झालं, सगळ्या भित्र्यांनी बोटं दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या. मी ते भिंतीपलीकडे वाचत होते. हे घडलं तेव्हा मी घरातच होते, कपडे वाळत घालत होते. त्याने मला सांगितलं नाही. रात्री जेवताना मी मुद्दाम विचारलं, "आज काही विशेष?" तर मान हलवून नाही म्हणाला. सख्ख्या बहिणीला नाही, आणि त्या रिकाम्या खुर्चीला आधी!

मग मागच्या महिन्यात डॉक्टरणीचा फोन आला. माझ्या नंबरवरच, दुसरा होताच कुठे. तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठा दवाखाना काढलाय. तिथे कवळी करणारा माणूस पेशंटच्या खुर्चीशेजारच्याच खोलीत हवा. पेशंट समोर बसणार, याने दाताचा रंग चेहऱ्याशी जुळवून बघायचा, कवळी बसवून "चावून बघा, कुठे टोचतंय का" असं विचारायचं, टोचलं तर तिथल्या तिथे घासून द्यायचं. वर राहायला खोली. ती चाचरत चाचरत हे सगळं सांगत होती, वाक्य धड पुरं करेना. मीच पुरं केलं. म्हटलं, "त्याला माणसं सोसत नाहीत. त्याला कवळ्यांतच राहू द्या." ती म्हणाली, "एकदा त्यांना विचारून..." मी म्हटलं, "त्याचं मी सांगतेय ना." आणि ठेवला फोन.

भावाला मी हे सांगितलं नाही. कशाला सांगायचं? नुसता विचार करूनच त्याची झोप गेली असती. पेशंट समोर बसल्यावर हा काय बोलणार होता? मी त्याला तोंडघशी पडण्यापासून वाचवलं, असं मी स्वतःला सांगितलं आणि मला ते पटलं.

त्यानंतर दुसऱ्याच रविवारी चार वाजता मी चहाचा कप घेऊन ओट्याशी बसले, तर ग्रुपवर जाहीर झालं, आज प्लास्टरची तालीम. पहिल्यांदाच. मला वाटलं, असेल न्हावी नाहीतर गॅसवाला. त्याने ओळख टाकली. ती जशीच्या तशी सांगते, मला पाठ आहे.

"पात्र: माझी मोठी बहीण. वय एकावन्न. तक्रार खिडकीवर काम करते. प्रश्न विचारते आणि उत्तर स्वतःच देते. मी वाक्य सुरू केलं की ती पुरं करते. बहुतेक वेळा चुकीचं करते, पण मग मला वाटतं, मला तेच म्हणायचं असेल. वाईट नाही. तिने माझ्यासाठी सगळं केलंय, म्हणून तिच्याशी बोलणं सगळ्यात अवघड. काय सांगायचंय: डॉक्टरांनी मला नव्या दवाखान्यात बोलावलं होतं. तिने मला न विचारता नाही कळवलं. हे मला परवा डब्यातल्या चिठ्ठीतून समजलं. उद्या सकाळी दहापर्यंत मी स्वतः हो म्हणालो नाही तर दुसरा माणूस ठेवणार आहेत. मला जायचंय. वीस वर्षांत मी केलेले दात मी एकदाही कोणाच्या तोंडात बघितलेले नाहीत."

चहा गार झाला. मी तो तसाच प्यायले.

वाटलं, उठावं आणि जाऊन त्याचा लॅपटॉप धाडकन मिटावा. घरातलं बोलणं चव्हाट्यावर! न्हावी नाही, दुकानदार नाही, बँक नाही. याला जगात सगळ्यात जास्त भीती कोणाची, तर जी याला जेवण वाढते तिची. पण मी उठले नाही. हा काय बोलणार हे मला बघायचं होतं.

बहिणीचं काम करायला पुढे आली गोगलगाय. प्लास्टरने लिहिलं, "ताई, मला थोडं बोलायचं होतं." त्यावर ही बया लिहिते, "बोल ना राजा. तुला वाईट वाटलं का? माझं चुकलं. तुझ्या भावना माझ्यासाठी महत्त्वाच्या आहेत."

राजा! मी आणि राजा! माझ्या तोंडात असले शब्द कोणी घातले असते तर मी त्याची जीभ हासडली असती. आणि हा तिकडे लिहितोय, "थँक्यू ताई." ही असली तालीम करून हा उद्या माझ्यासमोर येणार? दोन वाक्यांत भुईसपाट झाला असता. कामात चालढकल मला खपत नाही. माझी बोटं आपोआप चालली.

"असली बहीण असती तर तालीम कशाला लागली असती?" कोपऱ्याने, म्हणजे मी, लिहिलं. "ती असं कधीच म्हणणार नाही. आधी म्हणेल, पटकन बोल, मला कामं आहेत."

ग्रुपवर एकच कल्ला. "कोपरा बोलली!" "तीन महिन्यांनी!" "शाब्बास कोपरा!" लाल बदामांच्या चित्रांचा खच पडला. मागच्या बाकाने लिहिलं, तुझं धाडस बघून मला रडू येतंय. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यात गोगलगायीने लिहिलं, "कोपरा, तुलाही अशीच बहीण आहे का गं? मग तूच कर ना ताईचं काम."

प्लास्टरने लिहिलं, "चालेल मला."

चालेल म्हणे. मी पदर खोचला.

"ताई, मला थोडं बोलायचं होतं."

"बोल पटकन. दूध ठेवलंय गॅसवर."

"डॉक्टरांचा फोन आला होता ना?"

"आला होता. नाही म्हणून सांगितलं. पेशंटशी बोलावं लागतं तिथे. तुला जमणारे का ते?"

"मला विचारायला हवं होतंस."

"विचारून काय झालं असतं? 'बघतो' म्हणाला असतास आणि आठ दिवस जेवला नसतास."

"नसतो म्हणालो बघतो. मला जायचंय."

भिंतीपलीकडे टकटक थांबत नव्हती. एरवी एवढ्यात मान खाली घालून मोटर सुरू केली असती त्याने. मला चेव आला.

"जा की! पहिला पेशंट समोर बसला की बाथरूममध्ये जाऊन कडी लावून घेशील. मग मला फोन येणार, तुमच्या भावाला घेऊन जा."

"लावीन कदाचित कडी. पण थोड्या वेळाने उघडेन. हल्ली उघडता येते मला."

टाळ्यांचा पाऊस. रिकाम्या खुर्चीने लिहिलं, काय उत्तर दिलंस प्लास्टर! त्या सगळ्या बिनचेहऱ्याच्या लोकांनी मिळून माझा भाऊ माझ्या अंगावर घातला होता, आणि मी एकटी पडले होते. खिडकीवर माझ्यावर अशी वेळ कधी आली नव्हती. आता एकच गोष्ट उरली होती, जिच्यावर त्याच्याकडे आजवर उत्तर नव्हतं. मी ती लिहिली.

"जा. तुझ्यापायी माझं लग्न राहिलं, तरुणपण गेलं, आणि आता तू चाललास."

टकटक बंद झाली. खुर्ची सरकल्याचा आवाज भिंतीतून आला.

गोगलगायीने लिहिलं, "कोपरा, हे ओळखीत नव्हतं. जास्त होतंय." मागच्या बाकाने लिहिलं, "प्लास्टर, थांबा लिही. थांबा लिही आणि पाणी पी."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ओळखीत नव्हतं. लग्नाचं त्याने कुठेच लिहिलं नव्हतं. या ग्रुपवर ते वाक्य आमच्या दोघांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. एवढी मोठी तक्रार खिडकीवाली, आणि मी माझ्या हाताने सही करून दिली होती. फोन बंद करायलाही बोट हलेना.

बऱ्याच वेळाने प्लास्टरचं आलं. "थांबवू नका. बरोबर आहे. ती असंच म्हणते, शब्द न् शब्द."

आणि मग हे.

"ताई, तुला बघून गेलेले ते जमिनी मोजणारे गृहस्थ नकार सांगायला आले होते, त्या दिवशी मी मागच्या खोलीत होतो. दार नुसतं लोटलेलं होतं. ते काय म्हणाले ते मी ऐकलंय. माझा विषयही निघाला नव्हता. एकोणीस वर्षं मी हे बोललो नाही. घाबरून नाही बोललो असं नाही. तुला काहीतरी कारण असू दे म्हणून नाही बोललो."

ते काय म्हणाले होते ते आता तुमच्यापासून तरी कशाला लपवू. मोठा सज्जन माणूस. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "तुमच्यात नाव ठेवायला जागा नाही. पण तीन वेळा भेटलो आपण, आणि मला अजून एक वाक्य पुरं करता आलेलं नाही." मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय..." ते हसले आणि उठून गेले. मी सगळ्यांना सांगितलं, घरात असा भाऊ आहे म्हणून त्यांनी माघार घेतली. सगळ्यांना पटलं. भावाला रागाच्या भरात तोंडावर सांगितलं, एकदा नाही, शंभरदा. आणि हा घुम्या दर वेळी मान खाली घालून ऐकून घेत होता. मला वाटायचं शरमेने. मी त्याला बावळट समजत होते. बावळट कोण, ते आता सांगायला नको. एकोणीस वर्षं तो माझी लाज राखत होता, आणि मी त्याला बोलता येत नाही म्हणून जगभर सांगत होते. थू माझ्या जिंदगानीवर.

तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. हाताला प्लास्टर, शर्टाला मेण. घाम फुटलेला. माझ्या हातातल्या फोनवर गोगलगाय आणि मंडळी अजून लिहीत होती, "प्लास्टर, कुठे गेलास? ठीक आहेस ना?" त्याने ते बघितलं. मी लपवलं नाही, लपवायला उरलं काय होतं?

"ताई," तो म्हणाला. मग थांबला. मी पुढचं बोलणार होते. दात आवळले.

"डॉ... डॉक्टरांना फोन लावून दे."

"उद्या दहापर्यंत वेळ आहे," मी म्हटलं. जित्याची खोड आहे ती.

"आत्ता. उद्या नाही जमणार."

मी नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. त्याला तो कानाशी धरवेना, म्हणून त्याने स्पीकर सुरू करून ओट्यावर ठेवला आणि ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली.

"हॅलो, ताई? बोला," डॉक्टरीण म्हणाली. आवाज कसा, तर वर्गात उभं केलेल्या पोरीसारखा.

घड्याळाचा काटा हलत होता. "हॅलो? ताई?" माझे ओठ आपोआप हलायला लागले. त्याने माझ्याकडे न बघता एक हात वर केला, थांब म्हणून.

"मी... मी बोलतोय."

"कोण?"

नऊ वर्षं तिच्या पेशंटांच्या तोंडात याचे दात आहेत, आणि तिने याचा आवाज ओळखला नाही. कुठून ओळखणार? तिने तो कधी ऐकलाच नव्हता, तेवढी काळजी मी घेतली होती.

"कवळ्या... कवळ्या करतो तो. त्यांचा भाऊ."

"अगंबाई! तुम्ही! थांबा हं, एक मिनिट, मी दार लावते."

"मला यायचंय," तो म्हणाला. एका दमात, डोळे मिटून. "नव्या दवाखान्यात. मला बोलायला वेळ लागेल. पेशंटला तसं आधी सांगावं लागेल. पण मला यायचंय."

"या हो! केव्हाही या. उद्याच या." ती हसली, मग जरा घुटमळली. "पण ताईंना माहीत आहे ना? खरं सांगू का, मला परत त्यांना विचारायचा धीर झाला नाही. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे मी आधी कागदावर लिहून काढते, आणि तरी निम्मं राहतंच. म्हणून शेवटी डब्यात चिठ्ठी टाकली. हसू नका मला."

"नाही हसत. मीपण लिहून काढतो. आम्ही तर... आम्ही तालीम करतो."

"काय म्हणाल्या ताई?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग फोन उचलला आणि माझ्यापुढे धरला. त्यात कुजकेपणा नव्हता. त्याला खरोखरच वाटलं, माझं मी सांगावं.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. सव्वीस वर्षं खिडकीवर बसलेली बाई मी, एक "हो" नाहीतर एक "नाही" म्हणायचं होतं. जीभ टाळूला चिकटून बसली. तळहात ओले झाले. "हॅलो?" ती म्हणाली. भाऊ थांबला होता, घाई न करता, फोन तसाच धरून. मी पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा बाहेर आली.

शेवटी त्याने फोन स्वतःकडे घेतला.

"ताई हो म्हणतेय," तो म्हणाला.

मी हो म्हटलेलं नव्हतं. मी काहीच म्हटलं नव्हतं. माझं वाक्य त्याने माझ्या वतीने पुरं करून टाकलं होतं, आणि ते बरोबर की चूक हे सांगायला माझं तोंड उघडेना.